गॅस सिलिंडरच्या खोलीतल्या त्याच त्या चुका: परत परत का होतात आणि दुरुस्ती कुठे करायची

तपासणी झाली की दोन आठवडे सगळं जागेवर असतं. साखळ्या लागलेल्या, व्हॉल्व्हवर टोप्या चढवलेल्या, रिकामे एका बाजूला. मग साखळ्या लोंबकळायला लागतात, ऑक्सिजन ज्वलनशील ॲसिटिलीनच्या शेजारी येऊन उभा राहतो, दारामागे कोणीतरी 'तात्पुरता' म्हणून ठेवलेला सिलिंडर तिथेच मुक्काम करतो. पुढच्या तपासणीत तेच शेरे असतात, बहुतेक वेळा त्याच क्रमाने.

यावर नेहमी होणारा उपाय म्हणजे पुन्हा सूचना, पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा वहीत सह्या. प्रशिक्षण हवंच. पण तोच शेरा तिसऱ्यांदा आला तर खोली बघायची वेळ झाली असं समजावं. बरोबर ठेवायला दोन माणसं आणि पाना लागत असेल आणि चुकीचं ठेवायला फक्त हात सोडायचा असेल, तर शिफ्ट संपतानाच्या घाईत काय होणार हे आधीच ठरलेलं असतं. खाली एकेक लक्षण घेऊन त्यामागे काय तपासायचं ते दिलं आहे. मजकूर इमारतीच्या आत ठेवलेल्या सिलिंडरांबद्दल आहे. जिथे शक्य असेल तिथे मुख्य साठा बाहेर, जाळीच्या हवेशीर पिंजऱ्यात ठेवून गॅस पाइपने आत आणणं केव्हाही चांगलं. खालच्या निम्म्या अडचणी त्यानेच संपतात.

साखळी लावलेली नसते

आधी एका साखळीत किती सिलिंडर अडकवले आहेत ते मोजा. एकच लांब साखळी आणि तिच्यात आठ-दहा सिलिंडर असतील तर मधला एक काढायला सगळे मोकळे करावे लागतात. काढणाऱ्याचा एक हात ट्रॉलीवर असतो. उरलेल्या हाताने साखळी ताणून परत आकड्यात घालणं जमत नाही, म्हणून ती सैल अडकवली जाते किंवा तशीच सुटी राहते. माणूस बदलला तरी हे बदलत नाही.

उपाय म्हणजे भिंतीलगत कप्पे पाडणं. एका कप्प्यात दोन, फार तर तीन सिलिंडर आणि प्रत्येक कप्प्याला स्वतःची साखळी. साखळीच्या टोकाला एका हाताने उघडणारा स्प्रिंगचा हूक लावा. नट-बोल्ट किंवा पिळलेली तार लावलेली साखळी लवकरच वापरातून जाते. साखळीची उंची सिलिंडरच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर हवी, म्हणजे सुमारे १.४ मीटरच्या सिलिंडरला जमिनीपासून ९० ते ९५ सेंटिमीटर. एकटाच उभा असलेला सिलिंडर वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बांधावा. आणि ताण बघा: समोरून ओढल्यावर सिलिंडरचा वरचा भाग चार बोटांपेक्षा जास्त पुढे येत असेल तर साखळी एक-दोन कड्यांनी कमी करा.

हा चार बोटांचा आग्रह कशासाठी, तर सिलिंडर दिसतो त्यापेक्षा फार लवकर पडतो. २३० मिलिमीटर व्यासाचा आणि १.४ मीटर उंचीचा सिलिंडर जेमतेम ९ अंश कलला की त्याचा तोल तळाच्या कडेबाहेर जातो. फरशीला उतार असेल, कोपरा फुटलेला असेल किंवा सिलिंडरच्या तळाशी वेल्डिंगचा गोळा अडकलेला असेल, तर त्यातले दोन-तीन अंश आधीच खर्च झालेले असतात. भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर ६५ ते ७० किलोंचा असतो. तो पडताना हाताने धरायला जाऊ नये, बाजूला व्हावं. पडताना व्हॉल्व्ह तुटला, तर १२ मिलिमीटरच्या भोकातून १५० बारने (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) सुटलेला गॅस सिलिंडरला दोनशे किलोंच्या आसपास जोराने मागे ढकलतो. रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करून सोडणारं उपकरण) लावलेला नसेल तेव्हा टोपी चढवलेलीच हवी, ती याचसाठी.

बांधण्याची जागाही तपासा. आकड्याचा बोल्ट नुसत्या प्लास्टरमध्ये किंवा पार्टिशनच्या पत्र्यात असेल तर पहिल्या झटक्यात तो निघून येतो. विटांच्या भक्कम भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट हवा. पाण्याचा पाइप, विजेचं काँड्युइट आणि टेबलाचा पाय ही सिलिंडर बांधायची जागा नाही. नायलॉनची दोरीही नको, आग लागली की ती सगळ्यांत आधी वितळते. साखळीखालून निसटणाऱ्या लहान सिलिंडरांसाठी वेगळा रॅक करा. मोठ्यांच्या फटीत ते उभे करण्याची सवय याच रॅकच्या अभावाने लागते.

भरलेले आणि रिकामे मिसळतात

इथे बहुतेक वेळा जागेचा हिशोब चुकलेला असतो. खोली आखताना भरलेल्यांसाठी मोठा भाग ठेवतात आणि रिकाम्यांसाठी कोपरा. पण माल पोहोचतो त्या दिवशी रिकामे सर्वाधिक संख्येने जमलेले असतात आणि गाडी ते उचलण्याआधी भरलेले आत यायला लागतात. त्या अर्ध्या तासात जी सरमिसळ होते तीच पुढे आठवडाभर राहते. रिकाम्यांसाठी निदान भरलेल्यांइतकीच जागा द्या आणि गाडी आल्यावर आधी रिकामे बाहेर, मग भरलेले आत, हा क्रम पक्का करा.

दुसरं कारण खूण. खडूची खूण हात लागला की पुसते. त्याऐवजी व्हॉल्व्हच्या मानेला तीन भागांचं फाडता येणारं टॅग अडकवा: भरलेला, चालू, रिकामा. सिलिंडर जोडताना पहिला भाग फाडायचा, उतरवताना दुसरा. काम करणाऱ्याला पेन शोधावं लागत नाही, म्हणून हे टिकतं.

रिकामा सिलिंडर रिकामा नसतो, हे मात्र प्रत्येकाला कारणासकट सांगावं. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर दिवसा आतला गॅस बाहेर येतो आणि रात्री सिलिंडर थंड झाला की बाहेरची हवा व ओल आत ओढली जाते. इंधनवायूच्या (ॲसिटिलीन, एलपीजी अशा जळणाऱ्या वायूच्या) सिलिंडरमध्ये हवा शिरली की आतच स्फोटक मिश्रण तयार होऊ शकतं, आणि ओल शिरली की आतून गंज धरतो. म्हणून शेवटचा थेंब काढायच्या मागे न लागता साधारण २ बार दाब शिल्लक असतानाच व्हॉल्व्ह बंद करून टोपी चढवावी. रिकामा सिलिंडर चुकून चालू लाइनला जोडला गेला तर लाइनमधला दुसरा गॅस उलटा त्याच्यात शिरतो. तो भरण्यासाठी परत गेल्यावर भरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

कार्बन डायऑक्साइड आणि एलपीजी यांच्या बाबतीत गेजवरून भरलेला की रिकामा हे ठरवू नका. आत द्रव आहे तोवर दाब तापमानावर ठरतो. कार्बन डायऑक्साइडचा काटा २० अंशांना सुमारे ५७ बार दाखवतो, मग आत पंचवीस किलो असोत की पाच. हे सिलिंडर वजन करूनच ओळखायचे.

ऑक्सिजन पुन्हा पुन्हा इंधनवायूंच्या शेजारी येतो

अमेरिकेच्या ओशा (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमांतलं माप बऱ्याच ठिकाणी आधार म्हणून धरतात: ऑक्सिजन आणि इंधनवायू यांच्यात २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर अंतर, नाहीतर मध्ये निदान ५ फूट उंचीची, अर्धा तास आग थोपवणारी, न जळणारी भिंत. तुमच्या ठिकाणचा नियम वेगळा असेल तर अर्थात तो पाळायचा. इमारतीच्या आत ६ मीटर सहसा सापडत नाहीत, त्यामुळे प्रश्न भिंतीवर येतो आणि भिंतीतच खोट निघते. कुठे ती प्लायवूडची असते, कुठे सिलिंडरच्या रांगेपेक्षा आखूड, कुठे तिच्यात दोन्हीकडे जाता यावं म्हणून दार पाडलेलं. आगीची झळ टोकाला वळसा घालून येणार नाही इतकी भिंत रांगेच्या दोन्ही टोकांपुढे न्या आणि दोन्ही भागांना वेगवेगळी दारं द्या. एकाच दारातून दोन्ही बाजूंना जाता येत असेल तर सिलिंडर जवळच्या बाजूला ठेवला जाणारच.

गॅस कटिंगची ट्रॉली हा सगळ्यांत नियमित अपवाद. काम चालू असताना ट्रॉलीवर दोन्ही सिलिंडर शेजारी असणं ठीक आहे. काम संपल्यावर तीच ट्रॉली जोडलेल्या रेग्युलेटरसकट कोपऱ्यात उभी राहते आणि शनिवार-रविवार तशीच असते. पुढच्या २४ तासांत वापर होणार नसेल तर ती साठवणच समजा: व्हॉल्व्ह बंद, होजमधला दाब सोडलेला, रेग्युलेटर उतरवलेले, टोप्या चढवलेल्या आणि सिलिंडर आपापल्या भागात.

ऑक्सिजनच्या बाजूला तेल आणि ग्रीस अजिबात नको. कॉम्प्रेसरच्या कामाचे तेलकट हातमोजे, तेलाचा बोळा, ग्रीस लागलेली व्हॉल्व्हची चावी, एवढ्यानेही दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पेट घेतला जातो. चावी त्या भागातच साखळीने बांधून ठेवली की ती बाहेरच्या हत्यारांत मिसळत नाही. व्हॉल्व्हही हळू उघडायचा. झटक्यात उघडला तर रेग्युलेटरच्या तोंडाशी गॅस एकदम दाबला जाऊन इतका तापतो की आतली सील पेटू शकते.

ॲसिटिलीनची वेगळी अट म्हणजे तो उभाच ठेवायचा. आत सच्छिद्र भरण असतं आणि त्यात मुरलेल्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळलेला असतो. आडवा पडलेला सिलिंडर लगेच वापरला तर ॲसिटोन व्हॉल्व्हमधून बाहेर येतो. एलपीजीही उभाच, म्हणजे सुरक्षा व्हॉल्व्ह द्रवात न बुडता वरच्या वाफेत राहतो.

डिटेक्टर वाजतो, पण गळती सापडत नाही

विशेषतः सकाळी दार उघडताना किंवा सुटीनंतर वाजतो, दार उघडं ठेवलं की अर्ध्या तासात शांत होतो आणि मग 'डिटेक्टर खराब आहे' असा शेरा पडतो. खराब असूही शकतो, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा.

आधी गणित बघा. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर हवा. एलपीजीची मिनिटाला अर्धा लिटर गळती वासालाही दिवसा पटकन लक्षात येत नाही, कारण पंखा चालू असतो. पंखा संध्याकाळी बंद केला आणि १४ तासांनी दार उघडलं, तर तेवढ्यात ४२० लिटर गॅस जमलेला असतो. सगळ्या खोलीत सारखा पसरला असं धरलं तरी तो १.२ टक्के होतो, आणि पेट घेण्याची खालची मर्यादा सुमारे २ टक्के आहे. प्रत्यक्षात एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणजे घोट्यापाशी मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. पहिला संशयित त्यामुळे गळतीइतकाच पंख्याचा स्विच असतो. हवा खेळती राहणं स्विचवर अवलंबून ठेवू नका. जमिनीलगत आणि छतालगत, समोरासमोरच्या भिंतींत कायमच्या उघड्या जाळ्या हव्यात आणि त्यांच्यापुढे खोके रचलेले नकोत. जड वायूंच्या खोलीत गटाराचं तोंड, केबलचा खड्डा किंवा तळघराकडे जाणारी फट असेल तर आधी ती बुजवा. एलपीजी तळघरात ठेवायचाच नाही.

मग गळती शोधा. डिटेक्टर वाजत असताना आत जाऊ नका, आतले दिवे-पंखे चालू-बंद करू नका. दार उघडून वाट बघा, हातातल्या मीटरने दारापासून आत मोजत जा आणि मगच साबणाचं पाणी घ्या. ऑक्सिजनसाठी तेलविरहित, त्याच कामासाठी बनवलेलं द्रावण वापरा, घरगुती साबण नको. आगकाडी तर कुठल्याच गॅसला नको. प्रत्येक सिलिंडरवर हा क्रम ठेवा:

१. व्हॉल्व्ह बंद, टोपी काढलेली. गॅस बाहेर पडण्याच्या तोंडावर द्रावणाचा पडदा धरा. बुडबुडा फुगला तर आतली सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती बैठक) गळते.

२. व्हॉल्व्ह उघडा, रेग्युलेटर जोडलेला. स्पिंडलच्या (व्हॉल्व्हच्या फिरणाऱ्या दांड्याच्या) भोवती आणि त्याभोवतीची सील दाबून धरणाऱ्या ग्लँड नटपाशी द्रावण लावा. इथली गळती सहसा व्हॉल्व्ह उघडा असतानाच होते, त्यामुळे बंद सिलिंडर तपासून 'काही नाही' म्हणणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. साठवलेल्या सिलिंडरवर इथे बुडबुडे दिसले तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद झालेला नाही.

३. रेग्युलेटरची जोडणी. वॉशर गेलेला, तोंडात कचरा किंवा चुकीचा नट. टेफ्लॉन टेप गुंडाळून ही जोडणी बसवू नका. सील तिथल्या बैठकीवर होतं, आट्यांवर नाही.

४. सुरक्षा प्लग (दाब किंवा तापमान फार वाढलं की गॅस सोडणारं बूच) आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये बसतो ती मान. इथे गळती असेल तर हात लावू नका.

सीट गळत असेल तेव्हा लांब पान्याने आवळायचा मोह होतो. त्याने सीट आणखी दबते आणि गळती वाढते. ग्लँड नट, सुरक्षा प्लग किंवा मान यांपैकी काहीही जागेवर दुरुस्त करायचं नसतं. सुरक्षितपणे हलवता येत असेल तर सिलिंडर बाहेर मोकळ्या हवेत, पेट घेण्याजोग्या प्रत्येक गोष्टीपासून दूर न्या, 'गळका' असं टॅग लावा, आसपास कोणाला येऊ देऊ नका आणि पुरवठादाराला कळवा. गळत्या गॅसने पेट घेतला असेल तर व्हॉल्व्ह बंद करता येईल तेव्हाच ज्योत विझवावी. गॅस चालू ठेवून ज्योत विझवली तर तोच गॅस साचून नंतर स्फोट होतो. आगीत तापलेल्या ॲसिटिलीनच्या सिलिंडरला मात्र हातच लावू नका. आतल्या गॅसचं विघटन बाहेरची आग विझल्यावरही चालू राहू शकतं. इमारत रिकामी करून अग्निशमन दलाला बोलवा आणि ॲसिटिलीन आहे हे आधी सांगा.

एवढं करून काही सापडलं नाही तर डिटेक्टरकडे वळा. आधी त्याची उंची: एलपीजीसाठी जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर, हायड्रोजनसाठी छताच्या सर्वांत उंच भागाजवळ, ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा नाकाच्या उंचीवर, सुमारे १.५ मीटर. ॲसिटिलीन हवेपेक्षा थोडाच हलका असल्याने त्याचा सेन्सर वरच्या बाजूला असतो. नंतर आदल्या संध्याकाळी काय सांडलं किंवा फवारलं ते विचारा. ज्वलनशील वायूंचा कॅटॅलिटिक सेन्सर (वायू जाळून त्याच्या उष्णतेवरून मोजणारा) फरशी पुसायच्या अल्कोहोलच्या वाफेलाही वाजतो. सिलिकोनच्या स्प्रेने तो मरतो, आणि मेलेला सेन्सर वाजतच नाही, हे जास्त वाईट. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर शेजारच्या हायड्रोजनला प्रतिसाद देतो. चाचणीचा गॅस सोडून डिटेक्टर तपासल्याशिवाय त्याला दोषी किंवा निर्दोष ठरवू नका.

'निर्धोक' गॅस लहान बंद खोलीत जातात

नायट्रोजन आणि आर्गॉन जळत नाहीत म्हणून जिन्याखालच्या खोलीत, फाइलींच्या कपाटामागे अशा जागी ठेवले जातात. ४७ लिटरच्या, १५० बारने भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर गॅस असतो. वरच्याच ३६ घनमीटरच्या खोलीत एक सिलिंडर पूर्ण सुटला तर ऑक्सिजन २१ वरून १७ टक्क्यांच्या आसपास येतो, दोन सुटले तर १३ च्या. कामाच्या जागी १९.५ टक्क्यांखाली गेलं की हवा अपुरी धरतात. घुसमट जाणवते ती कार्बन डायऑक्साइड साचल्याने, ऑक्सिजन कमी झाल्याने नाही, म्हणून नायट्रोजनच्या खोलीत माणूस आधी काही न जाणवता कोसळतो. त्याला काढायला धावत गेलेला दुसराही कोसळतो. कार्बन डायऑक्साइड स्वतःच विषारी आहे. त्याचा ३० किलोंचा एक सिलिंडर म्हणजे सुमारे १६ घनमीटर गॅस, त्या खोलीत जीव घ्यायला पुरेसा. दारावर पाटी, आत ऑक्सिजनचा डिटेक्टर आणि त्याचा दिवा दाराबाहेर, एवढं हवंच. डिटेक्टर आत वाजतो आणि बाहेर कळत नाही, ही चूक वारंवार दिसते. लिफ्टमधून सिलिंडर नेताना सोबत माणूस नको. एकाने खालून पाठवायचा, दुसऱ्याने वर घ्यायचा.

खोली तापते

सिलिंडर ५२ अंशांच्या वर जाता कामा नये. कारण बहुधा खिडकीतलं ऊन, पलीकडच्या भिंतीला लागून असलेला बॉयलर किंवा कॉम्प्रेसर. दुपारी ३ च्या सुमारास, सर्वांत मागच्या सिलिंडरच्या खांद्याशी थर्मामीटर धरा. दारापाशी टांगलेला थर्मामीटर दाराचं तापमान सांगतो. सिलिंडरवर वेल्डिंगची ठिणगी (आर्क) पाडू नये आणि अर्थिंगची केबलही त्याला अडकवू नये.

संख्या वाढतच जाते

मागवताना फक्त 'कमी पडू नये' एवढंच बघितलं जातं. प्रत्येक गॅसची कमाल संख्या दारावर लिहा आणि ती ओलांडायची असेल तर मंजुरी लागेल असं करा. कप्पे मोजकेच असतील तर जास्तीचा सिलिंडर लगेच उघडा पडतो. ओशाच्या नियमांत इमारतीच्या आत इंधनवायूंचा साठा २,००० घनफूट किंवा ३०० पौंड द्रवरूप गॅस एवढ्यापुरता मर्यादित आहे. त्याहून जास्त असेल तर वेगळी खोली किंवा बाहेरची जागा लागते. आधी आलेला आधी वापरा, आणि खांद्यावर ठोकलेली दाबचाचणीची तारीख माल उतरवून घेतानाच वाचा, कप्प्यात गेल्यावर ती भिंतीकडे वळते. वर्षातून एकदा लागणारे कॅलिब्रेशनचे (उपकरणांचं माप तपासून जुळवण्याचे) लहान सिलिंडर सर्वांत जुने होतात. त्यांची वेगळी यादी ठेवा.

मागच्या कोपऱ्यात लेबल निघून गेलेला एखादा सिलिंडर सापडतोच. रंगावरून तो ओळखू नका, रंगांचे संकेत देशोदेशी वेगळे आहेत. टोपीवरूनही नको, टोप्या अदलाबदल होतात. व्हॉल्व्ह उघडून, वास घेऊन किंवा गेज लावून बघणं तर नकोच. 'अज्ञात, वापरू नये' असं टॅग लावून, इतरांपासून वेगळा बांधून, खांद्यावरचा क्रमांक पुरवठादाराला कळवा आणि त्याच्या माणसाने येऊन नेईपर्यंत तो तिथेच राहू द्या.